कानावरचा वारा

८ नोव्हेंबर १९३५, शुक्रवार

दुर्गा बोलते! अंबडपर्यंत वाटभर बोलत होती. आणि मला त्यातलं पावही ऐकू आलं नाही. नुसता वारा — दोन्ही कानांत घों घों, जणू कुणी कानाशी तोंड नेऊन फुंकतंय.

आज पहिल्यांदा तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेलं. तिच्या डोळ्यांत खुपऱ्या झाल्यात. सकाळी पापण्या चिकटतात, चुलीपुढं बसली की पाणी थांबत नाही. गेल्या आठवड्यात बैलगाडीनं नेऊन दाखवलं, तेव्हा अंबडच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले — थंडी सरेपर्यंत दर आठवड्याला आणा, हयगय केली तर नजर जाईल. पण गाडी-बैल कापसाला लागलेत. निजामाचं राज्य, मला शाळेची सुट्टी शुक्रवारची. राहिली सायकल.

आई म्हणाली, "सून सायकलवर? साऱ्या वडीगोद्रीला तमाशा दाखवायचा का?"

अण्णा म्हणाले, "डोळे गेल्यावर काय दाखवशील?" विषय संपला.

वेशीपर्यंत दुर्गा माझ्यामागं चांगलं अंतर ठेवून चालत आली. वेस ओलांडल्यावर बसली. आणि मग जे सुरू झालं! "…आमच्या मळ्यात…" "…आजी म्हणायची…" एकदा खळखळून हसलीसुद्धा. मी आपला "हं, हं" करत पायडल मारत होतो.

येताना डोळ्यांवर पट्टी. डॉक्टर पापणी उलटी करून मोरचूदाचा खडा घासतात. आग आग होते. येताना वारा पाठीशी होता, कान मोकळे होते — तर ती गप्प!

१० नोव्हेंबर

शाळेच्या रजिस्टरात सरकारी फसली तारीख, आईच्या तोंडी तिथी. इथं मी इंग्रजी तारीख टाकतो. ही वही कुणाची नाही, माझी.

घरात आम्ही दोघं बोलतच नाही, हे आजवर ध्यानातच आलं नव्हतं. "वाढलंय." "धोतर वाळलं." झालं. आई ओसरीवर, अण्णा बैठकीत, चुलत्यांची पोरं अंगणभर. आमच्या खोलीची भिंत अशी, की पलीकडं आई कूस बदलते तेही कळतं. लग्नाला नऊ वर्षं झाली. मूल नाही. आई गावातल्या बायकांसमोर उसासे टाकते, दुर्गा ऐकून न ऐकल्यासारखं करते, आणि मी शाळेला जातो.

ती काय सांगत होती शुक्रवारी?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

उपरणं कानांवरून घट्ट बांधून निघालो. म्हटलं, कान झाकले की वारा बंद. कसचं काय! उपरण्याचा पदर फडफड फडफड — कबुतर पकडून डोक्याला बांधल्यासारखं. वारा होता तसाच, वर ही फडफड.

दवाखान्यात एक नर्सबाई आहेत, द्वारकाबाई. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. जालन्यात बायकांच्या दवाखान्यात शिकून आल्यात. डॉक्टर खडा घासतात तेव्हा ह्या दुर्गाचं डोकं धरतात. आज मला म्हणाल्या, "मास्तर, तुमची बायको लई धीराची. गडी माणसं बोंबलतात इथं."

मला बरं वाटलं. दुर्गानं पट्टीखालून मान दुसरीकडं वळवली.

१७ नोव्हेंबर

विचार करून राह्यलो. वारा तर झाडातही असतो, घराच्या कोपऱ्यावरही असतो. तिथं आवाज करतो कारण तिथं तो अडतो. माझ्या कानाशी काय अडतं? कानच.

आज शाळेतून येताना मुद्दाम मान वळवून चालवली. मान डावीकडं केली की उजव्या कानातला आवाज बदलतो. पुरती मागं वळवली तर जवळपास बंद! पण मागं बघत सायकल चालवणार कोण? मारुतीच्या पाराजवळ बाभळीत गेलो. भुजंगनं हात धरून काढलं. भुजंग म्हणजे आमच्याच शाळेतला दुसरा मास्तर. म्हणाला, "काय रे, मागं कोण लागलंय?"

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज कापूस. घरात ढीग पडलाय. दोन बोळे मळून कानांत घातले, वरून उपरणं. अहाहा! वारा गेला. नुसतं आपल्याच छातीतलं ठक ठक. मजेत चाललो होतो. दुर्गा मागं बोलत होती एवढं पाठीला कळत होतं — तिचा हात सीटला धरलेला असतो, बोलताना तो हलतो. आज बराच वेळ बोलली. मधे थांबली. पुन्हा बोलली. मग गप्प झाली, म्हणजे माझ्या उत्तराची वाट बघत असावी. मी म्हणालो, "हो. बराबर हाये."

पुढं ती काही बोलली नाही.

अंबडच्या अलीकडं मागून छकडं आलं. गाडीवान केव्हाचा ओरडत होता म्हणे. मला काय ऐकू येतंय! बैलाचं शिंग दंडाला घासून गेलं. दुर्गा उडी टाकून बाजूला. गाडीवान म्हणाला, "बहिरा हाय का बे मास्तर?"

बोळे काढून फेकले. दंडाला हळद लावलीय.

कापसानं वारा जातो, पण तीही जाते. हे काही खरं नाही.

२५ नोव्हेंबर

आईनं आज माझ्या ताटात दोनदा तूप वाढलं. दुर्गाच्या पाठीवरून हात फिरवला. मी बघतच राहिलो.

२७ नोव्हेंबर



शाळेतून आलो. आईनं जवळ बसवून घेतलं. "मच्छिंद्रा, नशीबवान हायेस. अशी बायको कुणाला भेटत न्हाई."

"काय झालं?"

"तिनंच काढला विषय. म्हणली, माझ्या मामाची उषा करून आणा. घर भरंल. मी म्हणलं, त्याला इचारलं का? तर म्हणली, इचारलं. ते हो म्हणले. बराबर हाये म्हणले."

मी म्हणालो, "कोण म्हणालं?"

"तू!"

अण्णांनी तर पिंपळगाव रेणुकाईला निरोपसुद्धा धाडलाय. बद्रीनाथमामा — दुर्गाचे मामा, उषाचे वडील — संक्रांतीनंतर येणार बोलायला.

मी उठून परसात गेलो. दुर्गा रांजणात पाणी ओतत होती. म्हटलं, "हे काय ऐकून राह्यलो मी?" तिनं वर पाहिलं नाही. चुलतभावाची बायको धुणं घेऊन आली. दुर्गा घागर उचलून जाता जाता एवढंच म्हणाली — "तुमीच म्हणलात ना."

कापसाचे बोळे! दोन कापसाचे बोळे, आणि माझं दुसरं लग्न ठरलं!

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

वेशीबाहेर पडल्यावर सायकल थांबवली. लिंबाखाली. उतरून तिच्यासमोर उभा राहिलो. म्हटलं, "आता बोल."

ती मान खाली घालून पदर ओढून उभी. पायाच्या अंगठ्यानं माती उकरतेय. मी म्हणालो, "दुर्गा, मला त्या दिवशी काही ऐकू आलं न्हाई. वारा होता. कानात कापूस होता."

ती म्हणाली, "ऐकू न्हाई आलं, तर हो कसं म्हणलात?"

मी सायकल लिंबाच्या खोडाला टेकवली. 

मी म्हणालो, "मला दुसरं लग्न करायचं न्हाई. उषा न्हाई, कुणीच न्हाई. आजच अण्णांना सांगतो." मला वाटलं, तिचा चेहरा खुलेल. पण ती तशीच. उलट काहीतरी विझल्यासारखं झालं. सडकेनं दोन बायका भारे घेऊन येत होत्या, आमच्याकडं टक लावून. दुर्गा म्हणाली, "चला. उशीर होतो."

"अगं पण तू बोल तरी!"

"आसं समोर उभं राहून मला बोलता येत न्हाई. सायकल चालू करा, मंग सांगते."

चालू केली. ती बोलू लागली. आणि वारा! हळू चालवली, तर सायकल डुगडुगते, ती सीट घट्ट धरून गप्प बसते. जोरात चालवली, की घों घों. "…द्वारकाबाई…" "…तुमाला काय वाटंल म्हणून…" "…जालना…" एवढंच वेचता आलं.

ह्यावेळी मात्र मी 'हो' म्हणालो नाही. 'हं'सुद्धा नाही. ओरडून म्हणालो, "ऐकू येत न्हाई!" ती थांबली.

३० नोव्हेंबर

अण्णांना सांगितलं. उषा नको. अण्णा म्हणाले, "दोन दिवसांत माणसाचा शब्द फिरतो का?" मी म्हणालो, मी शब्द दिलाच नव्हता. "मंग कुणी दिल्ता?"

वाऱ्यानं, असं कसं सांगू?

आई माझ्याशी बोलत नाही. बद्रीनाथमामांना पुन्हा निरोप धाडायला अण्णा तयार नाहीत. म्हणाले, येऊ दे त्याला, तूच सांग तोंडावर.

४ डिसेंबर

दुर्गाला मी वाचवलं असं मला वाटत होतं. मग ती अशी का? भाकरी थापते, पाणी आणते, सगळं बराबर. पण आधी वेशीबाहेर पडल्यावर तिच्यात जे काही उघडायचं, ते मिटलं. मला ते सगळं ऐकायचंय. समोर उभं राहून ती बोलू शकत नाही, घरात बोलायला जागा नाही. बोलते ती फक्त माझ्या पाठीशी, चालत्या सायकलवर. मग चालत्या सायकलवरच मला ऐकू आलं पाहिजे. दुसरा इलाज नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

सारी वाट ती गप्प. डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे. उजवा डोळा चांगला.

९ डिसेंबर

पितळी लोटा घेऊन बसलो होतो. तोंडावर आडवी फुंकर मारली की लोटा घुमतो. वरून सरळ फुंकली की नाही घुमत. म्हणजे काठावरून वारा आडवा गेला पाहिजे. कानाचंही तसंच असणार! समोरून वारा येतो, गालावरून घसरतो आणि कानाच्या काठावर फुटतो. तो काठापाशी यायच्या आधीच त्याला कुणी मोडला तर?

लोट्याच्या काठावर घोंगडीचा दशा असलेला कोपरा ठेवला. फुंकर मारली. आवाज नाही!

आई ओसरीवरून बघत होती. नऊ दिवसांनी माझ्याशी बोलली — "खुळावला का रे?"

११ डिसेंबर

म्हणजे कान झाकायचा नाही. कानाच्या पुढं, गालावर, काहीतरी केसाळ पाहिजे. झाकला तर तिचा आवाजही जातो. मोकळा ठेवायचा, पण पुढं कुंपण घालायचं.

कल्ले वाढवायला घेतले. मास्तरांना शोभत नाही असं भुजंग म्हणतो. मी म्हणालो, थंडी आहे.

१३ डिसेंबर, शुक्रवार

कल्ल्यांनी थोडा फरक. फार नाही. माझे केसच विरळ. बापाकडून आलंय.

वाटेत धनगराचा वाडा उतरला होता. मेंढरं कातरून राह्यले होते. म्हाताऱ्याकडं मूठभर लोकर मागितली. म्हणाला, "मास्तर, मूठभर लोकरीचं काय करतोस? उंदराला घोंगडी?" पण दिली. कच्ची लोकर, तेलकट, बकरीसारखा वास. दुर्गानं पदराच्या टोकात बांधून घेतली. "कशाला?" म्हणाली. आज तिनं पहिल्यांदा काहीतरी विचारलं.

मी सांगितलं. लोट्याचंही सांगितलं.

"माझं ऐकायला?" ती म्हणाली.

"हो."

हे 'हो' मी ऐकून म्हणालो.

१८ डिसेंबर

घरी आल्यावर लोकरीचा गोळा मी खिशात ठेवला होता, तो नाहीसा झाला. मला वाटलं आईनं फेकला. आज उशीखाली सापडलं — काळ्या नाडीच्या पट्टीवर दोन बाजूंना लोकरीचे दोन लांबट गुच्छ शिवलेले, बरोबर कानाच्या पुढं येतील असे. धुतलेली लोकर, वास नाही. पट्टी टोपीखालून येते आणि हनुवटीखाली गाठ.

शिवण बारीक आहे. एकसारखी. महिन्याभरापूर्वी तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता!

२० डिसेंबर, शुक्रवार

पट्टी घालून निघणार, तर अण्णांना ताप. मलाच शेतावर जावं लागलं. दुर्गाचा खडा चुकला.

२७ डिसेंबर, शुक्रवार

आभाळ. वारा अजिबात नाही. असा दिवस नेमका आज! पण आईलाही यायचं होतं — तिला अंबडच्या देवीला नवस बोलायचाय म्हणून अण्णांनी शेवटी गाडीच जुंपली. चौघं गाडीत. नवस कशाचा, ते विचारलं नाही. दुर्गाची नजर देवीच्या टेकडीच्या पायऱ्यांवर.

३ जानेवारी १९३६, शुक्रवार

आज सगळं लिहितो.

वारा समोरून, नेहमीसारखा, गार. वेशीबाहेर टोपी दाबून बसवली, पट्टीची गाठ मारली. लोकर गालांवर गुदगुल्या करत होती. पायडल मारलं, वेग घेतला, आणि — साखळीचा आवाज! पहिल्यांदाच ऐकला. करकरतेय, तेल पाहिजे. मग शेतातला चंडोल. मग मागं तिच्या बांगड्या. वारा होता, पण लांब, पलीकडच्या शिवारात असल्यासारखा.

मी म्हणालो, "दुर्गा, बोल. हळू बोल. येतं ऐकू."

ती म्हणाली, "खरंच?"

अगदी स्पष्ट. कानाशी बोलल्यासारखं. मला हसू आलं, डोळ्यांत पाणीही आलं, वाऱ्यानं असेल.

मग तिनं सांगितलं. तिची वाक्यं जशी आठवतात तशी लिहितो.

"त्या दिवशी मी दोन गोष्टी बोलले होते. तुमच्या आईला मी एकच सांगितली. दुसरी तुमी सांगाल म्हणून थांबले."

"दुसरी कोणती?"

"द्वारकाबाई म्हणल्या, जालन्याला बायकांच्या दवाखान्यात दाईचं काम शिकवतात. राहायला खोली देतात. वाचता येत आसंल त्या बाईला घेतात. म्हणल्या, तुझा हात स्थिर हाये, तू ये. मी तुमाला म्हणलं, मला जाऊ द्या. घराला बाई लागते, तर उषाला करून आणा. ती चूल सांभाळंल, मूलबी व्हईल. मला जाऊ द्या."

मी पायडल मारत राहिलो. महिनाभर मी समजत होतो की ती माझ्यासाठी, घरासाठी, स्वतःला बाजूला करून राह्यली आहे. मी तिला वाचवलं! आणि ती तर मला उषाच्या हवाली करून मोकळी होणार होती. बदल्यात माणूस ठेवून.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू.

मी म्हणालो, "तुला वाचता कुठं येतं?"

"येतं. तुमी पोरांच्या पाट्या घरी आणायचात तपासायला. तुमी जेवायला बसलात की मी बघायची. आधी पाट्यांवरचं, मंग तुमच्या पोथ्या. डोळे बिघडल्यावर बंद झालं."

माझ्या घरात, माझ्या ताटासमोर, एक बाई लिहायला-वाचायला शिकली. मला पत्ता नाही!

पुढं चढ आला. उतरून चालायला पाहिजे होतं, पण मी उतरलो नाही. उतरलो असतो तर ती गप्प झाली असती. दम लागलेला तसाच म्हणालो, "मला सोडून जायचंय तुला?"

चढ संपल्यावर ती बोलली.

"तुमाला न्हाई. चुलीला. धुराला. रोज रोज त्याच बायकांच्या त्याच बोलण्याला. तुमी तर घरात असून नसल्यावाणी. तुमाला सोडायला आधी तुमी भेटायला पाहिजे ना? तुमी भेटलात ते ह्या सायकलवर. तवर मी द्वारकाबाईला हो म्हणून बसले होते."

आणि मग — "त्या दिवशी तुमी बराबर हाये म्हणलात. माझं म्हणणं बराबर हाये आसं आजवर कुणी म्हणलं नव्हतं. आठवडाभर मी उडत होते. मंग तुमी लिंबाखाली सांगितलं, कानात कापूस होता."

अंबड आलं. दवाखान्याच्या दारात ती उतरली, पदर ओढला, आणि पुन्हा ती घरातली दुर्गा झाली. मी पट्टी काढायची विसरलो. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, दाढदुखी का?"

५ जानेवारी

मन ठिकाणावर नाही. वर्गात पाढे म्हणून घेतले, चूक कुठली तेही कळलं नाही.

राग कुणाचा आहे? तिचा म्हणावा तर तिनं विचारलं होतं. तोंडानं विचारलं होतं, वाट बघितली होती.

७ जानेवारी

ती गेली तर घर रिकामं होईल, असं मनात आलं. मग म्हटलं, घर कसलं रिकामं, पंधरा माणसं आहेत. रिकामा मी होईन. पण मग ती तरी नऊ वर्षं कशी होती?

१० जानेवारी, शुक्रवार

वाटेत मी म्हणालो, "उषा बिलकुल न्हाई. पण जालन्याला तू जा."

मागून आवाज नाही. म्हटलं, "ऐकू आलं का?"

"आलं," म्हणाली. "परत म्हणा."

परत म्हणालो. सीटवरचा तिचा हात सुटला आणि माझ्या सदऱ्याला धरला. अंबडपर्यंत तिथंच होता.

द्वारकाबाईंशी बोललो. त्यांच्या नवऱ्याला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. दिरांनी घराबाहेर काढल्यावर शिकल्या म्हणे. म्हणाल्या, "तुमची बायको पैलीच, जिला नवरा स्वतः पोचवायला निघाला. बाकी आमी साऱ्या काढून दिलेल्या." डोळ्यांचं विचारलं. म्हणाल्या, डॉक्टरांचा कागद मिळंल, पण धुरात बसवू नका.

१४ जानेवारी

संक्रांत. दुर्गानं तिळगूळ दिला सगळ्यांना. आईनं घेतला, पण वर पाहिलं नाही.

१९ जानेवारी

बद्रीनाथमामा आले. पिंपळगावाहून घोड्यावर, नवा फेटा, सोबत गुळाची ढेप. अण्णांनी मला पुढं केलं. मी तोंड उघडणार, तोच आतल्या दाराआडून दुर्गा बोलली. सगळ्यांसमोर! समोर उभी नव्हती, दाराआड होती, पण आवाज स्पष्ट.

"मामा, उषाला इथं देऊ नका. मीच बोलावलं व्हतं, मीच न्हाई म्हणते. माझी जागा भरायला पोरगी आणू नये. तिला तिची जागा बघा."

मामा लाल झाले. "म्हणजे आमची पोर काय बाजारातली भाजी? आज घ्या, उद्या ठेवा?"

बराबर बोलले. मी पाया पडलो. चूक माझी म्हणालो. त्यांनी पाय मागं घेतले. जेवले नाहीत. जाताना मात्र दाराकडं बघून म्हणाले, "दुर्गे, डोळे कसे हायेत?"

"बरे हायेत मामा."

"हं," म्हणाले, आणि गेले. गुळाची ढेप ओसरीवरच राहिली.

२० जानेवारी

मग मी जालन्याचं काढलं. अण्णा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मास्तराची बायको दाई व्हणार? लोकाच्या घरची बाळंतपणं काढणार? कुणाचीबी?"

मी म्हणालो, "कुणाचीबी."

आई रडत नव्हती, ओरडत नव्हती. म्हणाली, "माझी तीन गेली. पाळण्यात न्हाई, बाळंतपणातच. तवा कुणी शिकलेली बाई असती तर…" उठून जात्याकडं गेली.

माझ्या आधी तीन होती, हे मला माहीतच नव्हतं.

अण्णा खूप वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "कवा जायचंय?"

३१ जानेवारी, शुक्रवार

शेवटचा खडा. डॉक्टरांनी कागद दिला. येताना पट्टी नव्हती. वाटभर ती दिसेल ते सांगत होती — करडीचं फूल, तारेवरचा नीळकंठ, लांबचा धूर. मीही तेच बघत होतो. तरी ऐकत होतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दुर्गाला जालन्याला पोचवलं. पेटी मोटारीतून पुढं पाठवली, आम्ही दोघं सायकलवर. पहाटे निघालो, रस्त्यात तीन ठिकाणी थांबलो, भाकरी खाल्ली. एके ठिकाणी विहिरीवर बसून ती माझ्यासमोर बोलली. समोर बसून. थोडंच, पण बोलली.

दवाखान्याच्या फाटकात म्हणाली, "हळू जा. छकडं बघून."

परतीला मागचं कॅरिअर खडखडत होतं. एवढा आवाज करतं ते, कधी कळलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी

घरात आई भाकरी करते. मी पाणी भरतो. शेजारी हसतात. हसू देत.

२ मार्च

शाळाखात्याच्या मोहतमीम साहेबांच्या कचेरीत तबादल्याची — बदलीची — दरखास्त देऊन आलो. एकट्या भुजंगला माहीत आहे.

१३ मार्च, शुक्रवार

आईनं विचारलं, "दुर्गाला कवा आणायचं?"

"आणायचं न्हाई," मी म्हणालो. "मीच चाललो तिकडं राहायला. तबादला मंजूर झाला. जुन्या जालन्याच्या शाळेत."

आई सूप घेऊन बसली होती. पाखडणं थांबलं नाही. कोंडा झटकून म्हणाली, "खोली बघशील तर धूर बाहेर जाणारी बघ. तिच्या डोळ्यांना सोसत न्हाई."